लीलाबाईंची वाटी

लीलाबाई वानखडे कुणाच्याही दारात गेल्या, की चपला काढून उंबरठ्याच्या अलीकडे उभ्या राहत आणि विचारत, "येऊ काय वं बाई अंदर?" आतून "या ना" आलं तरी हलत नसत. दुसऱ्यांदा "अहो, या ना" आलं, की मगच पाऊल आत. बंगल्यावर हेच आणि कोळशाच्या वखारीवरही हेच. आमच्या मॅनेजरसाहेबांच्या खोलीला दार नव्हतं, नुसता पडदा होता. एकदा बाई त्या पडद्यालाच बराच वेळ विचारत उभ्या राहिल्या, आणि साहेब गेले होते मुंबईला!

मी तेव्हा अकोल्याच्या एका तेलाच्या मिलमध्ये जाहिराती लिहीत असे. मिलनं नवं वनस्पती तूप काढलं होतं आणि गावात बोलवा होती की ते खाल्लं की डोळे जातात. माझ्या जाहिराती वाचून लोकांची भीती वाढतच होती. अशात आमचे साहेब विलायतेहून परतले आणि येताना दोन गोष्टी घेऊन आले. एक पाइप आणि दुसरी जनसंपर्क. तिकडे म्हणे मोठ्या कंपन्यांत हे काम बायका करतात. टोपी घालतात, हात मिळवतात, नावाचं कार्ड देतात आणि गोड हसतात. आपल्याकडेही अशी बाई हवी. मॅट्रिक पास, बोलकी. अर्ज एकच आला, तो लीलाबाईंचा.

साहेबांनी कार्डं छापून दिली, गुळगुळीत, सोनेरी कडांची. पहिलं कार्ड बाईंनी एका कास्तकाराच्या बायकोला दिलं. तिनं उलटंसुलटं करून पाहिलं आणि चूल पेटवायला घेतलं. दुसऱ्या दिवशी बाई तांबटाकडे गेल्या, पितळेच्या वाट्या घेतल्या आणि प्रत्येकीवर स्वतःचं नाव घालून आणलं. वनस्पती तुपातला बेसनाचा लाडू वाटीत ठेवायचा, घरच्या बाईच्या हाती द्यायचा, आणि वाटी तिथंच सोडून यायचं. आता दुसऱ्याची वाटी रिकामी परत करायची नाही, हे आपल्याकडे मुलीला अक्षरओळखीच्या आधी शिकवलेलं असतं. साहेबांनी कार्डांचं काय झालं म्हणून विचारलं, तर बाई म्हणाल्या, "कार्ड देलं का मानूस इसरते साहेब. वाटी देली का त्याले वापस कराच लागते, अन् भरून करा लागते."

साहेबांचा पाइप विझला.

आणि काय सांगू, वाट्या परत येऊ लागल्या! आमच्या खात्याच्या टेबलावर कुठं लोणचं, कुठं शेवया, कुठं पापडाचा चुरा. मारवाड्याच्या घरी बाई पदर डोक्यावर घेऊन जात आणि भेसळीच्या तुपाला शिव्या देत. निर्वासित सिंध्यांच्या वस्तीत तुपाचं नावही काढत नसत, मागं राहिलेल्या घराची चौकशी करत आणि त्यांच्याबरोबर डोळे पुसत. मुसलमान मोहल्ल्यात त्यांची उर्दू ऐकून मला घेरी यायची, पण तिथल्या बायकांना ती कळत होती. सेमाडोहच्या जंगलात कोरकू आदिवासी बायकांची भाषा येत नव्हती, म्हणून नुसत्या हसत बसल्या. तिकडची वाटी मोहाच्या फुलांनी भरून आली. घर बदललं की बाई बदलत. उंबरठा तेवढा तोच.

अमरावतीला एका महिला मंडळाच्या अध्यक्षा होत्या. सारं गाव त्यांना माईसाहेब म्हणे. मंडळाच्या वार्षिक मेळाव्याचं जेवण आमच्या तुपात झालं, तर निम्मी अमरावती आपोआप आपली, असा साहेबांचा हिशेब. ते जमलं तर लीलाबाईंची तात्पुरती नोकरी कायम होणार होती. बाई कामाला लागल्या. माईसाहेबांना त्या आवडल्या. लाडू खाल्ला, बेसन कसं भाजलं ते विचारलं, झोपाळ्यावर शेजारी बसवून घेतलं.

लीलाबाई छप्पन साली नागपूरला जाऊन बौद्ध झालेल्या. लपवत नसत, विचारलं की सांगत. पण वानखडे आडनाव वऱ्हाडात कुणब्यांतही आहे, त्यामुळे विचारायचं कुणाला सुचत नसे. माईसाहेबांना सुचलं. त्यांनी आडूनच विचारलं. गाव कोणतं, आणि गावात घर कुठल्या बाजूला? बाईंनी बाजू सांगितली.

आठवड्यानं माईसाहेबांचा गडी वाटी घेऊन मिलमध्ये आला. चिंचेनं घासलेली, लखलखीत, रिकामी. बरोबर चिठ्ठी नाही, निरोप नाही. खात्यात सगळे एकदम कामाला लागले, मीसुद्धा. बाईंनी वाटी उलटी करून आपलं नाव पाहिलं, सुलटी केली आणि म्हणाल्या, "घासते मोठी चांगली हो त्याईची बाई."

साहेब मनानं वाईट नव्हते. त्यांनी हळूच सुचवलं की कुणबी म्हणून सांगितलं तर कोण तपासायला येतंय?

"वाटी माही हाये," लीलाबाई म्हणाल्या. "दुसऱ्याची कायले सांगू?"

आणि त्याच वाटीत नवा लाडू घालून त्या सकाळच्या गाडीनं अमरावतीला गेल्या. वाटी पुन्हा आली, तशीच घासलेली. बाई पुन्हा गेल्या. पुन्हा वाटी आली. पुढं पुढं तर आत लाडवाचा वास नाही की तुपाचा डाग नाही, असं ते पितळ झालं की तोंड पाहून भांग पाडावा. मेळाव्याचं जेवण दुसऱ्याच तुपात झालं. साहेबांनी मुंबईहून एक मुलगी आणली, ती हात मिळवी आणि कार्ड देई. लीलाबाई गोदामात तुपाचे डबे मोजू लागल्या.

त्यांची एक वाटी आमच्याकडे राहिली होती. एरवी कुसुम, म्हणजे आमची मंडळी, ती भरून माझ्या पिशवीत ठेवी आणि मी बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवत असे. सारं अकोला तसंच करी. बाई निघताना प्रत्येकाला म्हणत, "मिलमंदी कायले, वाटी घेऊन घरीच या ना." लोक मान डोलवत आणि वाटी मिलच्या फाटकावर देत. आता टेबलच उरलं नव्हतं. कुसुमनं वाटीत करंज्या भरल्या आणि म्हणाली, "चला, घरीच जाऊ."

रुळांपलीकडे त्यांची खोली होती. बाई नळावर गेल्या होत्या. शेजारणीनं दार उघडून आम्हाला बसवलं. भिंतीशी सतरंजी अंथरलेली होती, दुकानातल्या घड्या अजून तशाच. ताटलीत कपबशा उपड्या ठेवल्या होत्या, वर विणलेला रुमाल. एका कपाच्या बुडाला दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली होती. फळीवर बुद्धाची तसबीर, आणि तिच्याजवळ ती माईसाहेबांकडची वाटी, लखलखीत.

बाई घागर घेऊन आल्या. आम्हाला पाहिलं, मग कुसुमच्या हातातली भरलेली वाटी पाहिली. घागर खाली ठेवली, चपला काढल्या आणि स्वतःच्याच उंबरठ्याच्या अलीकडे उभ्या राहिल्या.

"येऊ काय वं बाई अंदर?"

कुसुम म्हणाली, "या ना."

लीलाबाई हलल्या नाहीत. कुसुम उठली, वाटी घेऊन दारापर्यंत गेली आणि म्हणाली, "अहो, या ना."