अडीच हात रुंदीचे स्वयंपाकघर

रुख्मिणीबाईंचे कार्ड आषाढात आले. तातेराव मास्तरांनी ते तीनदा वाचले, कोपरा दुमडणार नाही अशा बेताने व्याकरणाच्या पुस्तकात ठेवले आणि उत्तर लिहिले नाही. यात बेपर्वाई मुळीच नव्हती. कार्डात मजकूर एवढाच होता : "भित पाडली का? पाडली असंल तर गाडी धाडा. न्हाई तर धाडू नका." प्रश्न मास्तरांना विचारलेला असला तरी त्याचे उत्तर सरकारकडे होते, आणि सरकारच्या आधी उत्तर देणे मास्तरांच्या स्वभावात नव्हते.

हिंगोलीत सरकारी शाळेच्या मास्तरांसाठी घरांची जी ओळ होती, ती मुळात पलटणीच्या घोड्यांची खोगिरे ठेवण्यासाठी बांधलेली. पलटण गेली, घोडे गेले, मास्तर आले. खोगिराला वळावे लागत नाही, या तत्त्वावर तिथले स्वयंपाकघर अकरा हात लांब आणि अडीच हात रुंद होते. एका टोकाला चूल, दुसऱ्या टोकाला पाण्याचा रांजण, मध्ये जाते, लाकडे आणि भांड्यांची मांडणी. आत गेलेल्या माणसाला त्याच तोंडाने मागे सरकत बाहेर यावे लागे. डाव्या भिंतीपलीकडे याच घराची एक रिकामी कोठडी होती. ओली छत्री वाळत घालण्यापलीकडे तिचा उपयोग कुणाला सुचला नव्हता. मधली भिंत कच्च्या विटांची. छपराला तिचा आधार नव्हता आणि तिलाही छपराचा नव्हता.

चैत्रात रांजणाकडे वळताना रुख्मिणीबाईंचा पदर चुलीवर गेला. पदर त्यांनीच विझवला, पण उजवा हात कोपरापर्यंत भाजला. हाताची साल निघून नवी आली तेव्हा त्या म्हणाल्या, ही भिंत काढा. मास्तरांना म्हणणे पटले. ते वाचणारे गृहस्थ होते. कोणतीही गोष्ट पटली की ते आधी कागद घेत. महिनाभरात त्यांनी लाल आणि निळ्या शाईने स्वयंपाकघराचे नऊ नकाशे काढले. एकात चुलीला चाके होती. एकात रांजण आढ्याला टांगलेला होता. नववा नकाशा त्यांना स्वतःलाही आवडला, म्हणजे त्यात दोष असणार अशी शंका त्यांना आलीच होती. त्यात लाकडे, मांडणी, जाते, धुराडे, फडताळ, सगळे बोटभरही जागा वाया न घालवता बसले होते.

रुख्मिणीबाईंनी तो बराच वेळ पाहिला. मग विचारले, "ह्याच्यात मी कुठं हाय?"

मास्तरांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला. स्वयंपाक करणाऱ्या माणसाला जागा ठेवायची राहून गेली होती.

दुसऱ्या दिवशी रुख्मिणीबाई जवळा बाजारला भावाकडे गेल्या. भांडण झाले नाही. भिंत पडली की येते, एवढेच त्या बोलल्या.

लाकडाची मोळी घेऊन येणारा तांड्यावरचा वसराम हे सगळे ओसरीवरून पाहत होता. त्याने सांगितले की त्याच्या तांड्यात चूल बाहेर आभाळाखाली असते, आणि आभाळ रुंदीला बरे पडते. "मास्तर, कुदळ आनतो. दुपारपतुर भितीला निजवतो, चार वाजता तुमी गाडी धाडा."

"परवानगी लागते, वसराम."

"भितीची?"

"सरकारची."

"सरकारचा पदर जळला व्हय?" असे म्हणून वसराम मोळी टाकून निघून गेला.

कचेरीसमोर कडुनिंबाखाली चाँद पाशा बसत. सरकारी भाषा उर्दू असल्याने अर्ज लिहायला सगळी हिंगोली त्यांच्याकडे येई. मास्तरांची आणि त्यांची ओळख जुनी, दोघांनाही पुस्तकांचा नाद. स्वयंपाकघर रुंद करायचे आहे असे मास्तरांनी सांगताच चाँद पाशांनी बोरू थांबवला. बावर्चीखाना हा शब्द बाजारी आहे, असा अर्ज शिपायाच्या वर चढत नाही, असे त्यांचे मत पडले. वजनदार शब्द हवा. त्यांनी लिहिले : मतबख. अर्थ तोच, स्वयंपाकघर, पण शब्दाला दाढी होती. मास्तर खूश झाले. अडीच हातांच्या जागेला एवढा मोठा शब्द मिळालेला पाहून आपली मागणी थोडी रास्त असावी असे त्यांना प्रथमच वाटले.

आता उर्दू लिपीत मतबख म्हणजे स्वयंपाकघर आणि मतबा म्हणजे छापखाना. घाईच्या अक्षरात दोन्ही शब्द जुळ्या भावांसारखे दिसतात. फरक शेवटच्या अक्षरावरच्या एका ठिपक्याचा. अर्ज सरकारी घरांच्या ज्या दफ्तरात, म्हणजे 'मकानात'च्या कचेरीत गेला, तिथला नक्कल करणारा कारकून अतिशय टापटिपीचा होता. उन्हाळ्यात कागदावर माश्या बसत, आणि माशीने केलेला ठिपका चाकूच्या टोकाने खरवडून काढल्याशिवाय तो कागद पुढे जाऊ देत नसे. त्याने मास्तरांचा अर्ज पाहिला, शेवटच्या अक्षरावरची घाण काढली आणि समाधानाने पुढे सरकवला.

सहा महिन्यांनी त्या दफ्तराचे सादिक साहेब तपासणीला आले. सरकारी घरात कुणाच्या इजाजतीने छापखाना घातला, आणि तो आता रुंद करण्याइतका कसा वाढला, याची चौकशी त्यांना करायची होती. सत्तेचाळीस साल सरत होते. छापखाना हा शब्द ऐकला की कुठल्याही कचेरीला घाम फुटे. ही खबर पोलिसांना जायला हवी होती. ती गेली नाही, कारण दुसऱ्या दफ्तराला खबर देण्याचे छापील नमुने संपले होते.

सादिक साहेब आडवे होऊन स्वयंपाकघरात शिरले. मशीन कुठे आहे, त्यांनी विचारले. मशीन नाही, जाते आहे, मास्तर म्हणाले. सादिक साहेबांनी टिपले : दगडी, हाताने चालणारे. शाईचे विचारले. मास्तरांनी काही म्हणण्याआधीच त्यांनी भिंतीवरून बोट फिरवले, काळे बोट पाहिले आणि लिहिले : मुबलक. मग चष्मा काढून ते चुलीपाशी बसले.

"मास्तर, मला डोळे हायेत. हा बावर्चीखाना हाय."

मास्तरांचे डोळे भरून आले. "मग तसंच लिहा, साहेब."

"कसं लिहू? मला मतबा तपासायला धाडलं. बावर्चीखाना बघायचा मला हुकूम न्हाई. उद्या वरून इचारलं, लोकांच्या चुलीपाशी काहून गेला व्हतास, तर मी काय सांगू?"

त्यांनी अहवाल दिला : मतबा तूर्त बंद आहे, चूल थंड आहे. दुसरे वाक्य सत्य असल्याने पहिल्यालाही बळकटी आली.

यापुढचे हुकूम तर्कशुद्ध होते. छापखान्यात स्वयंपाक करणे म्हणजे सरकारी जागेचा गैरवापर, म्हणून चूल पेटवू नये. मास्तर फुटाणे, गूळ आणि केळी यांवर राहू लागले. प्रत्येक छापखान्याने जे छापले त्याच्या दोन प्रती दरमहा पाठवायच्या असतात. मास्तरांनी निरंक असे लिहून पाठवले. दफ्तराने कळवले की निरंकाची एकच प्रत मिळाली, दुसरी कुठे आहे? तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला ते सुवाच्य अक्षरात काहीच न छापल्याच्या दोन प्रती पाठवत राहिले. अक्षर चांगले आहे, असा एकदा शेराही आला. मास्तरांना त्या दिवशी नाही म्हटले तरी बरे वाटले.

ठिपका परत बसवावा म्हणून ते चाँद पाशांकडे गेले. चाँद पाशांनी हात जोडले. दाखल झालेल्या कागदावर नुक्ता चढवणे म्हणजे जालसाजी. नुक्त्यासाठी वेगळा अर्ज लागेल, आणि त्या अर्जात मतबख हा शब्द लिहावा लागेल, त्यावर पुन्हा नुक्ता असेल, आणि तो कारकून अजून तिथेच आहे.

रुख्मिणीबाईंचे कार्ड व्याकरणाच्या पुस्तकात होते. पान संधीप्रकरणाचे होते. मास्तर ते अधूनमधून उघडत, प्रश्न वाचत आणि 'विचाराधीन' या शब्दाखेरीज दुसरे उत्तर सापडत नाही असे पाहून मिटत. बायकोला विचाराधीन असे लिहू नये, एवढे त्यांना कळत होते.

पुढच्या सालच्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली आणि पाच दिवसांत राज्य बदलले. टोप्या बदलायला तेवढेही लागले नाहीत. घरांच्या दफ्तरात नवे साहेब आले. त्यांना उर्दू येत नव्हती, म्हणून सगळ्या फायलींचे मराठी करायचे ठरले आणि ते काम चाँद पाशांना मिळाले. मास्तर धावत गेले. आता तरी स्वयंपाकघर लिहा, म्हणाले. चाँद पाशांनी बोरू दौतीत बुडवला.

"मास्तर, फायलीत मतबा हाय. हे दिवस असे हायेत की माझ्या हातून एक ठिपका इकडचा तिकडं झाला, तर तुमी वाचाल, मी न्हाई वाचणार." आणि त्यांनी लिहिले : छापखाना.

मास्तरांनी पुढे आग्रह केला नाही. मित्राचे म्हणणे खरे होते.

नव्या साहेबांनी फाईल वाचली आणि ते उभे राहिले. जुन्या राजवटीत, सरकारी घरात, सरकारच्या नाकाखाली एक साधा मास्तर गुप्त छापखाना चालवतो! तपासणीला माणूस येतो तर चूल थंड! दरमहा 'काहीच छापले नाही' असे लिहून देण्याचे धैर्य! सत्कार समिती झाली. अध्यक्ष उत्तमसिंग, कापसाचे मोठे व्यापारी. ऑगस्टापर्यंत जुन्या साहेबांच्या मेजवान्यांना कोंबड्या तेच पुरवत. भाषणात त्यांनी मास्तरांच्या छापखान्यातल्या पत्रकांतले उतारेच्या उतारे पाठ म्हणून दाखवले. आपण इतके चांगले कधीच लिहिले नसते, असे वाटून मास्तर संकोचले. ते उठून हळू आवाजात म्हणाले, "तो छापखाना नव्हता. ते स्वयंपाकघर आहे." टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहा, उत्तमसिंग म्हणाले, अजून गुप्तता सोडत नाहीत.

मग गाव दारात उभे राहिले. 'यांनी माझ्या छापखान्याची पत्रके जिवावर उदार होऊन वाचली' असा मास्तरांच्या सहीचा दाखला असला की नोकरी, परवाना, किमान समितीत खुर्ची मिळू लागली होती. पहिला दाखला उत्तमसिंगांनी नेला. तिसरा सादिक साहेबांनी. छापखाना पाहूनही मी डोळे झाकले, असे त्यांनी लिहून मागितले, आणि हे वाक्य त्यांच्या परीने खरे होते. मास्तरांना कुणाला नाही म्हणता येत नसे. सही करताना ते मजकुरातले ऱ्हस्वदीर्घ तेवढे दुरुस्त करत.

समितीने मास्तरांना ते घर तहहयात दिले. सोबत हुकूम होता : ही वास्तू पवित्र असून तिच्या भिंतीचा खडाही हलवू नये.

त्या आठवड्यात वसराम जवळा बाजारच्या बाजारातून परतला. मोळी न टाकता तो दारातच उभा राहिला.

"बाई भेटल्या. म्हनल्या, मास्तर साऱ्या हिंगोलीला कागद देऊन राहिलेत म्हनं. मलाच काहून न्हाई?"

"अजून काय म्हणाल्या?"

"काय न्हाई. हात दावला. पावसाळ्यात त्या जागी खाजतं म्हनल्या."

दारात अकरा माणसे दाखल्यासाठी उभी होती. मास्तरांनी त्यांना थांबा म्हटले. आयुष्यात त्यांनी कुणाला थांबवण्याची ही पहिली वेळ असावी. आत जाऊन त्यांनी कोरे कार्ड घेतले आणि नकाशा न काढता, खाडाखोड न करता लिहिले :

'चि. सौ. रुख्मिणीस, भिंत पाडली नाही. छापखाना कधी नव्हता. भीती तेवढी होती. घर समितीला परत करून मीच येत आहे. चूल अंगणात मांडू. तू म्हणशील तिथे.'

ते टपालघरात गेले. अकराही जण मागोमाग आले, कारण त्यांच्या सह्या राहिल्या होत्या. पोस्टमास्तरांनी कार्ड वाचले. कार्ड वाचण्यासाठीच उघडे असते, असे त्यांचे मत होते. त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर मास्तरांच्या सहीचा दाखला नुकताच काचेत बसवला होता. त्यांनी कार्ड पुढच्या माणसाला दिले, त्याने त्याच्या पुढच्याला. अकराव्याने वाचून ते परत आणून दिले. पोस्टमास्तरांनी शिक्का शाईत चांगला घोळवला, तिकीट सोडून कार्डाच्या मध्यावर नेमका दुसऱ्या वाक्यावर मारला, उचलून पाहिला, आणि अजून एकदा मारला.

बाकीचा मजकूर स्वच्छ राहिला. रुख्मिणीबाईंना लागत होते तेवढे त्यात होते, आणि कार्ड त्याच दिवशी थैलीत पडले.

त्या दुसऱ्या वाक्याबद्दल हिंगोलीत पुन्हा कधी कुणी बोलले नाही. आता, वाचक, रांगेतले बारावे आपण. ते वाक्य आपणही वाचले आहे. आजोबांचा काचेतला दाखला आपल्याही भिंतीवर असेल, तर शिक्का टपालघरात तिथेच ठेवलेला आहे आणि शाई अजून ओली आहे.