जागा धरणारी बाई

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम काय केलं, तर बसच्या सीटवर लिंबू ठेवलं.

शनिवारची संध्याकाळ. विद्यापीठाच्या स्टॉपवर जोगेश्वरीची बस अर्धी रिकामी आली. आमची ही, म्हणजे वासंती, चढली ती थेट मधल्या सीटपाशी गेली. पिशवीतून पिवळंधमक लिंबू काढलं, खिडकीच्या जागेवर ठेवलं आणि मागे येऊन माझ्या शेजारी बसली. हातात पेन, आणि तोंडावर असा भाव की त्या लिंबाशी आपली ओळखसुद्धा नाही.

पुढच्या स्टॉपला गर्दी घुसली. एक बाई बसायला वाकली आणि चटका बसल्यासारखी ताठ झाली. तिच्यामागच्या माणसाने लिंबाकडे बघितलं, वर छताकडे बघितलं, आणि दांडा धरून उभा राहिला. बस खच्चून भरली. लोक एकमेकांच्या पायावर उभे, आणि एक लिंबू आख्खी सीट अडवून ऐटीत बसलंय.

कंडक्टर आला. "कोणाचं हे?"

बस गप्प.

"याचं तिकीट कोण काढणार?"

मी हिच्या कानाशी म्हटलं, "उचल गं ते. म्हातारपणी मार खायला लावशील."

"गप बसा तुम्ही. चाललंय ते बरोबर चाललंय."

मग कॉलेजचा एक पोरगा चढला. त्याने लिंबू उचललं, खिशात टाकलं, हवेत कोणाला तरी "थँक यू हां" म्हणाला आणि बसला. मला वाटलं हिचा चेहरा पडेल. कसला पडतोय! मला कोपर मारून म्हणते, "बघितलंत? याला ती खूण लागूच नाही झाली. खूण आपोआप चालत नाही हो, मानणारा लागतो."

"माझं वरणभातावरचं लिंबू गेलं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ती गेली. ते पुढे सांगतो. आधी ही बाई काय चीज होती ते सांगू दे, कारण स्मशानात लोक ज्या बाईबद्दल बोलले ती मी कधी बघितलेली नाही. शांत म्हणे. सोशिक म्हणे. अरे, त्या शांत बाईने आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टवर 'बंद आहे'चा बोर्ड लावला होता, चालू लिफ्टवर, आणि जिन्यात स्टूल टाकून बघत बसली होती की किती जण बटण तरी दाबून बघतात. वरच्या मजल्यावरची कदमीण भाजीच्या पिशव्या घेऊन, शिव्या घालत, चढून गेली. तिने बटण दाबलं नाही. स्मशानात 'सोशिक होती हो' म्हणून सगळ्यात मोठ्याने रडली ती हीच कदमीण.

माझं शिक्षण सहावी. गिरणीत साच्यावर कापड विणायला होतो, गिरणी गेली, मग गोरेगावला एका कंपनीच्या गेटवर बसलो. ही बालवाडीत मदतनीस. रात्रशाळेतून मॅट्रिक झाली, घरी बसून बीए, मग एमए. मला वाटलं आता संपलं. तर रिटायर झाल्यावर म्हणते, "मला पीएचडी करायचीय. भाषाशास्त्रात. चिन्हमीमांसेवर."

मी म्हटलं, "आधी गुडघ्यांवर कर काहीतरी."

हा चिन्हाचा अभ्यास म्हणजे काय ते बिल्डिंगमध्ये कोणालाच कळलं नाही. एका पार्टीचा कार्यकर्ता सकाळी सकाळी पेढे घेऊन आला. "मावशी, चिन्हावर पीएचडी करताय ना? मग आपल्या चिन्हाचं पण घ्या दोन पानं." हिने त्याला आत बसवलं, चहा दिला आणि तू पांढरेच कपडे का घालतोस म्हणून इतकं उलटसुलट विचारलं, की तो पेढ्यांचा बॉक्स विसरून पळाला. पेढे मी खाल्ले. या अभ्यासाने मला दिलेलं तेवढंच.

तिचा विषय होता जागा धरायच्या खुणा. बस तशी रिकामी असते, पण खिडकीतून रुमाल टाकला की ती जागा आपली होते. का होते? रुमालात असं काय आहे? हे तिच्या डोक्यात रॉकेलच्या लायनीपासून होतं. तेव्हा बायका पहाटे लायनीत वीट ठेवून घरी कामाला यायच्या. लाईन सरकली की मागची बाई वीट पायाने पुढे ढकलायची आणि म्हणायची, "चल गं परबीण, सरक पुढे." विटेला! ही सांगायची आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची. "मी घरात तुमच्या आईची बोलणी खात असायची, आणि तिथे लायनीत माझी वीट मानाने पुढे चाललेली."

मग प्रयोग सुरू झाले. पेपर ठेवला तर लोक उचलून वाचत बसतात. पाण्याची बाटली सरकवतात. मेथीची जुडी ठेवली तर एका बाईने भाव विचारला. एकच चप्पल ठेवली तेव्हा कोणी तरी दयेने तिची जोडी सीटखाली शोधायला लागलं. कापड ठेवलं तर सगळे मानतात. प्रत्येक वेळी मी सोबत, कारण गुडघ्यांमुळे पिशवी मी धरायची, आणि मार पडला तर तोही मीच खायचा, असं न बोलता ठरलेलं.

विद्यापीठाच्या लायब्ररीत तिला खिडकीजवळचं टेबल मिळालं होतं. कार्ड तात्पुरतं. सकाळी मी तिला दारापर्यंत सोडायचो आणि बाहेर झाडाखाली कट्ट्यावर बसायचो. आत तंबाखू चालत नाही, आणि तिथली शांतता मला दवाखान्यासारखी वाटते. दारावर तावडे म्हणून शिपाई, संगमेश्वरकडचा. तो हिला काकी म्हणायचा आणि वरच्या फळीवरची जाड जाड इंग्रजी पुस्तकं काढून द्यायचा. ती डिक्शनरी घेऊन एका पानाशी सबंध सकाळ मारामारी करायची. दुपारी बाहेर येऊन माझ्याशेजारी डबा उघडायची, आणि भाकरी मोडता मोडता मला शिकवायची.

"धूर दिसला की जाळ आहे, ती एक खूण. ती खरीच जोडलेली. पण लाल दिवा म्हणजे थांब, यात लाल रंगाचा आणि थांबण्याचा काही संबंध आहे का? नाही. लोकांनी ठरवलं, लग्न लावून दिलं, आता राहतात एकत्र. आपल्यासारखंच."

"मग मी कोण? लाल की थांब?"

"तुम्ही धूर," ती म्हणायची. "तो तंबाखू थुंकून या आधी."

तिची मार्गदर्शक मॅडम वाईट बाई नव्हती, पण घड्याळात बघून बोलायची. "आजी, निरीक्षणं छान आहेत. पण सिद्धांत कुठे आहे? विटेवर पीएचडी कशी द्यायची?" दर वेळी ही नवीन काहीतरी लिहून न्यायची, आणि दर वेळी तिला दाराबाहेर ताटकळत ठेवून मॅडम म्हणायची, "पुढच्या समितीला बघू." शेवटी तारीख मिळाली. सोमवार. विषय पास झाला तर नोंदणी होणार, आणि नोंदणी झाली तर कार्ड कायमचं. नाही झाला तर तात्पुरतं कार्ड संपत होतं आणि टेबल जाणार होतं.

पदवीचं तिला फारसं पडलं नव्हतं. टेबलाचं पडलं होतं. हे मला कसं कळलं, तर एकदा डब्याच्या वेळी मी म्हटलं, "नाही पास झालं तर नाही. घरी बसून वाच."

तिने घास खाली ठेवला. "घरी कुठे बसून?"

"म्हणजे?"

"नाही, दाखवा ना. कुठे? लग्न होऊन आले तेव्हा त्या खोलीत तुम्ही सगळे मिळून दहा जण. मी मोरीच्या कठड्यावर बसून जेवायची. पाहुणे आले की उभी. पुढे माणसं कमी झाली तर खाटेवर तुमची आई, खुर्चीवर तुम्ही. आता हे मोठं घर मिळालं, त्यात सोफा आला, त्यावर तुमची बहीण बसते आणि मी चहा करते. आयुष्यात पहिल्यांदा एका जागी सकाळी जाऊन बसते आणि कोणी म्हणत नाही, जरा ऊठ गं."

मी पाण्याची बाटली पुढे केली. तीही मग माशांचे भाव बोलायला लागली.

रविवारी सकाळी तिने सोमवारसाठी साडी काढून ठेवली. जेवल्यावर म्हणाली, छातीत भरून आल्यासारखं वाटतंय. रिक्षातच मान टाकली. दवाखान्यात पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं, तरी त्यांनी मला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. मग बॉडी दिली. संध्याकाळपर्यंत सगळं आटपलंसुद्धा. या शहरात माणूस जाळायला रेशनकार्ड काढण्यापेक्षा कमी वेळ लागतो.

आम्हाला मूल नाही. अग्नी मीच दिला. माझी बहीण आली, तिने सगळं हातात घेतलं आणि विचारलं, माहेरची साडी कोण आणणार? सवाष्ण गेली की तिच्या अंगावर माहेरची साडी घालायची असते. हिचा भाऊ कधीच वारला. भाच्याला मोबाईलवर कळवलं, तर त्याने हात जोडलेलं चित्र पाठवलं. मग रडका चेहरा. मग फुगे. फुगे चुकून गेले असणार, त्याने लगेच पुसले, पण मी बघितले. साडी बहिणीने खालच्या दुकानातून आणली आणि माहेरची म्हणून घातली.

ते फुगे मला काही केल्या गिळता येईनात.

आमच्याकडे बाई गेली की पहिला सांगावा तिच्या माहेरी जातो. पूर्वी गावात माणूस चालत जायचा. मयताचा सांगावा घेऊन गेलेला माणूस उंबरा ओलांडत नाही, त्या घरचं पाणी घेत नाही. दारात नुसता उभा राहतो.

सोमवारी सकाळी मी उठलो, बहिणीला म्हटलं, "दिव्याजवळ तू बस. मी जाऊन येतो."

"वेड लागलं काय रे दादा? सुतकात कुठे निघालास? तू अग्नी दिलायस!"

"हिच्या माहेरी."

"तिथे कोण राहिलंय आता?"

"आहेत."

"मग फोन कर ना!"

"फोन केला की फुगे येतात," मी म्हटलं आणि अनवाणी खाली उतरलो.

लायब्ररीच्या पायऱ्या चढलो आणि दारात उभा राहिलो. तावडे टेबलामागे बसून पुस्तकांवर शिक्के मारत होता. मला बघून म्हणाला, "या काका! काकी कुठे? आज तर परीक्षा आहे त्यांची. या, आत या."

मी मान हलवली.

"अहो, कार्डाचं मी बघतो, या ना. बरं, दमलेले दिसताय, पाणी तरी घ्या." त्याने ग्लास भरून पुढे केला. मी हात मागे घेतले.

त्याने माझ्या पायांकडे बघितलं. मग तोंडाकडे. ग्लास हळूच टेबलावर ठेवला, टेबलाखाली पाय हलवून चपला काढल्या आणि अनवाणी बाहेर आला. "कधी?" एवढंच म्हणाला.

"काल."

आम्ही पायरीवर बसलो. माहेरी सांगावा गेला की घरातल्या बायका टाहो फोडतात. इथे भिंतीवर 'शांतता राखा' लिहिलेलं. एकदोन पोरी आतून आल्या, हिच्या टेबलाजवळ बसणाऱ्या असाव्यात, तोंडावर ओढणी दाबून उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने मॅडम आली, हातात कागदांची चळत. तावडेने उठून तिला सांगितलं. ती माझ्यासमोर उभी राहिली, आज घड्याळात बघितलं नाही. म्हणाली, "आज झालं असतं त्यांचं. बहुतेक."

"बहुतेक," मी म्हणालो. दुसरं काय बोलणार? ती खाली मान घालून समितीला गेली. समिती वेळेवर बसली.

तावडे परत माझ्याशेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "काका, एक विचारू? तुम्ही कधी आत का नाही आलात?"

"का?"

"काकींच्या शेजारच्या खुर्चीवर रोज तुमचा शर्ट असायचा. चौकड्यांचा, घडी केलेला. सकाळी ठेवायच्या, जाताना पिशवीत घालायच्या. परीक्षेच्या दिवसांत गर्दी असते, पोरं माझ्याकडे तक्रार करायची. मी एकदा बोललो, काकी, एका माणसाला दोन खुर्च्या नाही चालत. तर म्हणाल्या, आमचे हे बाहेर बसलेत, कंटाळा आला की येतील, त्यांना बसायला नको? मग मीच कोणाला बसू दिलं नाही."

तो चौकड्यांचा शर्ट बोहारणीला दिला असं तिने मला सांगितलं होतं. त्यावरून मी तिला चिकार बोललो होतो. पिशवी रोज मीच धरायचो आणि आत काय आहे ते कधी बघितलं नाही.

"चला ना," तावडे म्हणाला. "खुर्ची रिकामीच आहे. आता तरी बसून जा जरा."

दारातून ती खिडकी दिसत होती. टेबल दिसत होतं. शेजारीशेजारी दोन खुर्च्या.

"नाही रे बाबा," मी म्हटलं. "सांगावा घेऊन आलोय. आत कसा येऊ?"

तो कोकणातला. त्याने पुन्हा आग्रह केला नाही.

मयताच्या कामाला आलेला माणूस जाताना 'येतो' म्हणत नाही. मीही म्हटलं नाही. गुडघ्यावर हात टेकून उठलो आणि पायऱ्या उतरू लागलो.