दिनूभाऊ अजून शिकून राह्यले

दिनूभाऊ माणसाशी बोलत नाहीत, त्याच्या डोळ्यांशी बोलतात. तुम्ही नमस्कार केला की ते तुमच्या उजव्या बुबुळाकडे पाहून मान हलवतील आणि मग डाव्याची चौकशी करतील. आमच्या सेलूत कुणाकडे बारसं असो, साखरपुडा असो, कुणी गेलेलं असो, दिनूभाऊ हजर असतात आणि त्यांच्या खिशात पेनाएवढा टॉर्च असतो. मागे एका मयतीत गेलेल्याचा साळा ढसाढसा रडत होता. दिनूभाऊंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, हनुवटी हळूच वर केली, टॉर्च मारला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हे पाणी नुसतं रडण्याचं नाई. डोळ्यात मांस वाढून राह्यलं त्याच्या." लाकडं अजून रचायची होती.

मी त्यांचा शेजारी, शेखर. माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान, त्यांचं चष्म्याचं. मध्ये एका विटेची भिंत आहे, त्यामुळे तिकडचं सगळं इकडे ऐकू येतं आणि ते गावाला सांगायचं काम मी विनामोबदला करतो. त्यांच्या दुकानाच्या पाटीवर डाव्या अंगाला 'चष्माघर' असं ठसठशीत लिहिलेलं आहे आणि उजवी अर्धी पाटी कोरी आहे. पेंटरने विचारलं तेव्हा दिनूभाऊ म्हणाले होते की तिथं त्यांचं नाव आणि पदवी यायची आहे. लोकांना वाटतं, ती जागा जाहिरातीसाठी भाड्याने द्यायची आहे. दोन-तीन जण माझ्याकडे भाव विचारून गेले.

दुकान मुळात बापूंचं, म्हणजे दिनूभाऊंच्या वडिलांचं. बापूंनी धंदा आठवडी बाजारात एका टेबलावर सुरू केला. त्यांची तपासणी सोपी होती. बाईमाणूस आलं की हातात सुई-दोरा द्यायचा, पुरुष असला तर जुना पेपर. चष्मे एकामागून एक नाकावर चढवत जायचे. ज्या चष्म्याने दोरा सुईत गेला तो तुमचा. बापूंचं म्हणणं असं की देवाने प्रत्येक डोळ्यासाठी एक नंबर करून ठेवलेला असतो, तो फक्त ड्रॉवरमध्ये सापडावा लागतो. तालुक्यातल्या निम्म्या म्हाताऱ्या बायांनी त्यांच्या चष्म्यातून तांदूळ निवडले आणि कुणाच्या भातात खडा आल्याचं मी ऐकलं नाही.

मग मोठ्या रस्त्यावर काचेचं दार असलेलं चष्म्याचं शोरूम झालं. तिथं मशीन, एसी आणि पांढऱ्या एप्रनमधली डिप्लोमावाली मुलगी. एक दिवस एक गुरुजी दिनूभाऊंना सहज विचारून गेले, "तुमचं शिक्षण काय झालं हो?" दिनूभाऊंची बारावी सायन्स कधीकाळी पूर्वजांच्या पुण्याईने निघालेली होती. तेवढ्या भांडवलावर त्यांनी पंचेचाळिसाव्या वर्षी नागपूरच्या एका कॉलेजात ऑप्टोमेट्रीला नाव घातलं. ऑप्टोमेट्री म्हणजे डोळे तपासून नंबर काढण्याचं शास्त्र. हे मला पाठ आहे, कारण त्यांनी ते अख्ख्या सेलूकडून पाठ करून घेतलं. चष्मा बनवते तो एक, नंबर काढते तो दुसरा, ऑपरेशन करते तो तिसरा, असं ते चहाच्या टपरीवर बोटांवर मोजून समजावत. टपरीवाल्याने एकदा शांतपणे विचारलं, "आणि पैसे घेते तो कोण?"

कॉलेजात त्यांच्या वर्गातल्या सगळ्या मुली त्यांच्या पोरीच्या वयाच्या. त्या त्यांना काका म्हणत. काका घरूनच एप्रन घालून निघत. एसटीत एक बाई त्यांना गुडघा दाखवू लागली, तर त्यांनी तिचे डोळे तपासले. केळझर आलं की सगळ्या बसला टेकडीवरच्या देवळाचा झेंडा दाखवून विचारत, "दिसते काय? कडा साफ दिसते का धुरकट?" कंडक्टरला झेंडा दिसेना. त्याने चूक आपली नसून धुक्याची आहे असं सांगितलं. मे महिना होता.

नंबर काढताना काचा अदलून-बदलून विचारतात ना, तो प्रश्न त्यांच्या जिभेवर कायमचा बसला. "आधीचं बरं का आताचं बरं?" बाजारात दोन वांगी हातात धरून ते वांगेवालीला विचारत, आधीचं बरं का आताचं? न्हाव्याकडे अर्धी दाढी झाल्यावर आरशात दोन्ही गाल दाखवून विचारत. वहिनी एकदा माझ्यासमोरच म्हणाल्या, "लग्नाच्या टायमाले असं दोन-दोन दाखवून विचारलं असतं त मी आज सेलूत नसती." दिनूभाऊंनी ते फार गंभीरपणे ऐकून घेतलं.

पुतण्यासाठी मुलगी पाहायला नालवाडीला गेले, तिथं तर कहर केला. पोहे आले, मुलगी आली. दिनूभाऊंनी मुलीकडे पाहिलंसुद्धा नाही. ते मुलीच्या बापाच्या समोर खुर्ची ओढून बसले आणि वर पाहा, खाली पाहा, बोटामागे पाहा करत राहिले. पोहे थंड झाले, पण बापाचा मोतीबिंदू मात्र ठरला. लग्नही ठरलं. मुलीकडच्यांनी एवढीच अट घातली की काकांनी सीमंतपूजनाला टॉर्च आणू नये.

पहिल्या वर्षी ते एकदा आपटले. डोळ्याच्या शिरा आणि स्नायूंची इंग्रजी नावं त्यांच्या तोंडातून निघेनात. गावाने त्यावर दिवाळी केली. मी टपरीवर सांगितलं की यांचा जन्म जाईल पण पाटी भरणार नाही. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. माणूस डोळ्यांवर इतकं बोलत असेल तर त्याला जरा खाली पाहायला लावलं पाहिजे, असं माझं मत होतं.

सरावासाठी हक्काचे डोळे बापूंचे. रोज संध्याकाळी बापूंना खुर्चीत बसवायचं आणि समोरचा तक्ता वाचून घ्यायचा. बापू सगळ्यांत खालची, मुंगीएवढी ओळ धडाधड वाचत. "माह्या बापाची नजर म्हणजे गरुडाची," दिनूभाऊ भिंतीपलीकडून मला ऐकवत. तो गरुड येता-जाता दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. बाजूला ठेवलेला चहा सांडायचा, उभ्या सायकलींवर जाऊन पडायचा. दिनूभाऊ वैतागायचे. नजर एवढी चांगली असून बापू पाहून काऊन चालत नाही, असं ओरडायचे. बापू म्हणायचे की आजकाल सायकली फार झाल्या.

दुसऱ्या वर्षात एक दिवस दिनूभाऊ भरदुपारच्या एसटीने परत आले. एप्रन हातात चुरगाळलेला. त्यांनी बापूंना खुर्चीत बसवलं, समोर स्वतः बसले आणि सांगितलं, माझ्या नाकाकडेच पाहायचं. मग एक बोट कानाच्या बाजूने हळूहळू आत आणू लागले. दिसलं की सांगायचं. मी गंमत पाहायला दारात उभा होतो. बोट कानापासून गालापर्यंत आलं, गालापासून नाकाजवळ आलं. तेव्हा बापू म्हणाले, "हां, आता दिसलं." दुसऱ्या बाजूनेही तसंच. मी सवयीने हसलो. माझ्याशिवाय कुणी हसलं नाही.

वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. तो नजर कडेकडून खात येतो, समोरचं बारीक अक्षर शेवटपर्यंत दिसत राहतं. त्यामुळे तक्ता वाचून घेणाऱ्याला संशय येत नाही. गेली ती नजर परत येत नाही, थेंब घालून उरलेली राखायची, बस. बापूंनी हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि दुकानात येऊन गिऱ्हाइकांना आपला निकाल सांगितला. डॉक्टर मोठा असेल, पण त्याने आयुष्यात एक चष्मा विकलेला नाही. प्रत्येक डोळ्याचा नंबर असतोच. दिनू पास झाला की तो बरोबर नंबर काढणार आणि मग हा कडेचा अंधार जाणार.

दिनूभाऊंनी त्यांना एकदा खरं सांगून पाहिलं. मी भिंतीपलीकडून ऐकलं. बापूंनी पोराला मध्येच थांबवलं.

"तू अजून शिकून राह्यला," ते म्हणाले. "पूर्ण शिक. पास हो. मंग तू जे सांगशीन ते मी मानीन."

त्यानंतर दिनूभाऊ जास्तच सुटले. चाळिशी ओलांडलेला माणूस दिसला की कानाजवळून बोट आणायचे. बाजारात, बसस्टँडवर, लग्नाच्या पंगतीत. एका बाईच्या भावाने तर त्यांची कॉलर धरली. दिवसाच्या ठरलेल्या वेळी त्यांचा मोबाइल ठणाणा वाजायचा. मग हातातलं गिऱ्हाईक तसंच सोडून ते बापूंच्या डोळ्यांत थेंब घालायचे. मी टपरीवर त्यांच्या बोटाची नक्कल करून दाखवत होतो आणि ती चांगली वठत होती.

शेवटच्या परीक्षेला ते जीव तोडून बसले. पेंटरलाही सांगून ठेवलं होतं. पेंटर येऊन कोऱ्या बाजूची मापं घेऊन गेला. बापू येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते, पोराचा निकाल कधी लागते.

निकालाच्या दुपारी मी त्यांच्याच दुकानात होतो. बापू घरी जेवायला गेले होते. फोन वाजला, पलीकडे व्हिडिओवर पाच-सहा मुली एकमेकींना ढकलत होत्या. "काका, तुम्ही कॉलेजातून पहिले! काका, पार्टी पाहिजे!" दिनूभाऊ उभे राहिले. खाली बसले. परत उभे राहिले. त्यांनी कपाटातला इस्त्रीचा एप्रन काढून अंगात घातला आणि आरशासमोर बटणं लावली. मी खरोखर मिठी मारली त्यांना. म्हटलं, पेढे आणतो, पेंटरला फोन करतो.

तेवढ्यात बापू आले. चौकटीला खांदा लागू नये म्हणून आता ते एक हात पुढे धरून चालत. आत येऊन त्यांनी खिशातला चष्मा काढला, फडक्याने पुसला, खुर्चीत सरळ बसले आणि तोंड तक्त्याकडे केलं. कुणी बसा म्हटलं नव्हतं.

"लागला का रे निकाल?" त्यांनी विचारलं. "पाह्य मंग माह्या डोळ्याचं."

दिनूभाऊंनी एप्रनची बटणं सोडली. एप्रनची घडी घातली, कपाटात ठेवली, कपाट लावून घेतलं. मग म्हणाले, "राह्यलो, बापू. नापास."

मी तोंड उघडलं होतं. दिनूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा या माणसाने माझ्या बुबुळांकडे न पाहता माझ्याकडे पाहिलं आणि माझं तोंड मिटलं. पुन्हा बोलायला लागलो असतो तर रडलो असतो.

संध्याकाळी टपरीवर सगळ्यांनी मलाच घेरलं. मी सांगितलं, आपटले, दोन विषयांत. विषय मी माझ्याकडून लावले, एकाने लोकांचा विश्वास बसला नसता. मग आग्रह झाला म्हणून बोटाची नक्कलही केली. मोठा हशा पिकला आणि तो रस्त्यापलीकडे आमच्या दुकानांपर्यंत गेला असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर करत होतो. बापू पायरीवर बसले होते. शटरच्या आवाजावरून त्यांनी मला ओळखलं, हात पुढे करून चाचपला आणि माझं मनगट धरलं.

"शेखर, त्याले हसत नको जाऊ," ते म्हणाले. "पोरगं मेहनत करून राह्यलं. पुढच्या टायमाले होईन पास. मले काई घाई नाई. मी थांबतो."