बोंड फुटलं

ऐन वेळी धनंजयच्या डोक्याने दगा दिला. सिंदी मेघेतलं सभागृह भरलं होतं, नागपूरच्या कला महोत्सवाच्या मोहिनीताई पहिल्या रांगेत येऊन बसल्या होत्या, आणि मेंदूच्या लहरी टिपणारी गुंजनची टोपी काही केल्या चालेना. योगशिक्षक धनंजयने आजच्या मोठ्या दिवसासाठी आपल्या दाट केसांना सकाळीच पावशेर तेल चोपडलं होतं. टोपीचे सेन्सर टाळूपर्यंत पोचतच नव्हते.

खेळ साधा होता. रंगमंचावर खोलीएवढं कापडी बोंड टांगलेलं. टोपीवाल्याचं मन शांत झालं की बोंड फुटून पांढराशुभ्र कापूस बाहेर येणार. मन बिथरलं की मिटणार. गुंजन वर्षभर त्यासाठी राबली होती.

तिने प्रेक्षकांवरून नजर फिरवली. एकच डोकं चकाकत होतं. तिच्या वडिलांचं.

“बाबा, लवकर वर या!”

“मी? मले काय करा लागते?” पुंडलिकराव गडबडले.

“काईच नाई. शांत बसाचं.”

“तळेगावची दुकान त्या गजेंद्रच्या भरवशावर सोडून आलो, अन् शांत कसा बसू?”

तरी टोपी घालून बसले. बोंड गच्च मिटलेलं. मग लोकच मदतीला धावले.

“काका, डोळे मिटा!”

“लंबी सास घ्या!”

“काऊन घाबरून राह्यले?”

प्रत्येक सल्ल्यागणिक बोंड आणखी आवळत गेलं. मोहिनीताईंनी घड्याळाकडे पाहिलं. गुंजन रडायच्या बेतात आली. तेवढ्यात तिची आई शोभाबाई ताडकन उठली.

“सारे चूप बसा! जेवून आले हायेत ते. आपोआप होते.”

सभागृह चिडीचूप झालं. पुंडलिकरावांची मान हळूहळू छातीवर टेकली. वर बोंडाला फट पडली आणि कापूस ढगासारखा बाहेर आला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

“गजेंद्र, गिऱ्हाईक पाह्य!” पुंडलिकराव दचकून ओरडले. बोंड फटकन मिटलं.

“शूऽऽऽ!” अख्खं सभागृह एकमेकांवर डाफरलं. कोणी दिवे मंद केले. मागच्या रांगेतल्या कोकिळाबाई नावाच्या आजींनी अंगाई धरली, आणि सगळ्यांनी हलक्या आवाजात साथ दिली. भरल्या सभागृहाने मिळून एका दुकानदाराला झोपवलं. बोंड पुन्हा फुटलं, या वेळी पूर्ण. टाळी कोणीच वाजवली नाही. सगळे हात वर करून नुसतेच हलवत राहिले. खोकला आलेला एक जण तोंड दाबून बाहेर पळाला.

“प्रेक्षकांचा असा सहभाग मी कुठे पाहिला नाही,” मोहिनीताई गुंजनच्या कानात कुजबुजल्या. “पुढच्या महिन्यात नागपूरला या. पण कलाकार हेच हवेत हं!”

पुंडलिकरावांनी नवा सदरा शिवायला टाकला. आल्या-गेल्या गिऱ्हाइकाला बातमी दिली. आणि आठवड्याने गुंजनला शोभाबाईंचा फोन आला.

“पंचाईत झाली व माय. तुह्या बाबाची झोपच उडाली. दुपारी आडवे होतात अन् पंख्याकडं टकटक पाह्यत राह्यतात. म्हणतात, नागपूरले झोप नाई आली तं?”

“आता गं?”

“आता काय! टोपी मले दे. डोक्याले तेल आजपासून बंद. बसल्या बसल्या झोपाचं तं मले कवाचंच येते. आतापर्यंत कोनी बसूच नाई दिलं.”