जायला जलद, यायला साधी

आमच्या गल्लीत कोणी वारलं, तर भिकन आबांचा पहिला प्रश्न ठरलेला. "जलद गया का साधी?" झटक्यात गेला असेल तर जलद, अंथरुणाला खिळून गेला असेल तर साधी.

यात चेष्टा नसे. आबांनी धुळ्याच्या बसस्थानकावर गाड्या लावण्यात आणि सोडण्यात उभा जन्म घालवला. निवृत्तीनंतरही त्यांच्या लेखी जगात दोनच गाड्या उरल्या. जळगाव किती लांब, असं विचारलं की म्हणत, "किलोमीटर सोडा, सर. गाडी कोनती शे ते सांगा." फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल असं करत जाणारी साधी असली, तर "भाकरी बांधी ल्या."

त्यांची एकुलती एक मुलगी सुनंदा लग्न होऊन मस्कतला गेली. आबांनी तिचं विमानाचं तिकीट वेळापत्रकासारखं वाचलं. मुंबईहून चारला सुटणार, मस्कतला सव्वापाचला पोचणार. "दीड हजार किलोमीटर, सव्वा तास! तेवढ्यात आपली गाडी एरंडोल बी गाठत नही!" पानटपरीवर दोन दिवस हाच विषय. पुढे ती दिवाळीला आली, तर तिकिटावर मस्कतहून एक आणि मुंबईला सव्वापाच. आबांच्या कपाळाला आठी पडली. "जावाले जलद, येवाले साधी. कोठे कोठे थांबस ही गाडी?"

मी शाळेत भूगोल शिकवतो. मस्कतचं घड्याळ आपल्या दीड तास मागे असतं, एवढं एक वाक्य सांगायचं होतं. पण मला मौज वाटली. स्टाफरूममध्ये आबांची ती गाडी मी चवीचवीनं सांगितली, आणि आबांना मात्र म्हणालो, "हवेत थांबे असतील, आबा." आज त्या वाक्याची लाज वाटते.

परवा आबा संध्याकाळचे घरी आले. म्हणाले, "सर, पोर तीन वरीसपासून येत नही."

मग त्यांनीच कारण सांगितलं. अक्का, म्हणजे आबांची बायको, गेल्या तेव्हा सुनंदा पोचली ती सगळं आटोपल्यावर. तिनं दारात पाय ठेवला, आणि आबा चारचौघांत म्हणाले होते, "मायकरता तरी जलद धराले पाहिजे व्हती, बेटा." तेरावं करून ती गेली, ती गेलीच. आता आठवड्याला फोन येतो, तब्येतीपुरता.

वहीच्या पाठकोऱ्या पानावर दोन घड्याळं काढून मी आबांना सगळं समजावलं. त्यांनी बोट ठेवून आधी एक घड्याळ मोजलं, मग दुसरं.

"म्हंजे दोन्ही येळले सारखाच टाईम लागस?"

"पावणेतीन तास. जातानाही, येतानाही."

"तुमले पहिलेपासून माहीत व्हतं?"

"हो."

आबांनी ते पान वहीतून काढून घेतलं आणि घडी करून खिशात ठेवलं. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी तिथूनच फोन लावला. स्पीकर चालूच होता. "बेटा, मनं चुकनं. तू उशीर करा नही. माले आज समजनं."

पलीकडून सुनंदा म्हणाली, "आबा, त्या दिवशी मी तुमच्या गळ्यात पडून रडायला आले होते."

आबांनी फोन माझ्या हातात दिला. मी म्हणालो, "सुनंदा, त्या घड्याळांचं मला पहिल्यापासून माहीत होतं, मीच आबांना सांगितलं नाही."