नकार वगळून स्पॅनिश

कोणत्याही संस्थेची प्रगती ती किती कमी शब्दांत किती जास्त माणसांना कामाला लावते, यावरून मोजावी. या मोजपट्टीवर आमचा मदतकक्ष बराच वर लागतो.

आमची कंपनी दातांच्या दवाखान्यांना यंत्रं विकते. वाफेच्या दाबाखाली हत्यारं निर्जंतुक करणारी. यंत्र अडलं की दंतवैद्य आम्हाला फोन करतात. त्यातले बरेच जण आता स्पॅनिश बोलतात, म्हणून जेवणाच्या सुट्टीत आम्हाला स्पॅनिश शिकवायचं ठरलं. (जेवण काय, घरी जाऊनही करता येतं.)

प्रशिक्षकाने पहिल्याच तासाला या भाषेतली काटकसर दाखवली. हुकूम सोडताना 'मला' आणि 'ते' वेगळे म्हणायचे नाहीत. क्रियापदाच्या शेपटीला जोडून टाकायचे. 'मांदेमेलो' म्हणजे 'पाठवा-मला-ते'. 'दीगामेलो' म्हणजे 'सांगा-मला-ते'. साहेबांना गहिवरून आलं. तीन शब्दांचं काम एका शब्दात, म्हणजे सहासष्ट टक्के वेळ वाचला, असं त्यांनी फळ्यावर मांडलं. मी घड्याळ लावून मोजलं तर बचत शून्य निघाली. शब्द जोडले तरी तोंडाला अक्षरं तेवढीच उच्चारावी लागतात. पण एकाच प्रयोगावरून निष्कर्ष काढू नये, असं विज्ञान सांगतं. मी विज्ञानाचं ऐकलं.

अडचण पुढच्या आठवड्यात आली. 'करू नका' म्हणायचं असेल तर ही शेपटी सुटते आणि क्रियापदाच्या आधी जाऊन सुटी उभी राहते, असं प्रशिक्षक म्हणाला. साहेबांनी विचारलं, मग बचत कुठे राहिली? प्रशिक्षक खडू झटकत राहिला. तसंही ग्राहकाला नकार ऐकवायचा नाही हे कंपनीचं जुनं धोरण. तेव्हा नकार अभ्यासक्रमातून वगळला. त्याच ओघात 'थांबा' हेही गेलं, कारण ग्राहकाला थांबायला लावणं हा सेवेतला दोष आहे. उरलेली स्पॅनिश फार सुटसुटीत निघाली.

आमच्यात ताई सगळ्यांत मेहनती. मुलं मोठी झाल्यावर ती नोकरीला लागली होती, अजून कायम व्हायची होती. कायम झाली की दिरांच्या घरातून वेगळं बिऱ्हाड करायचं, हे तिने नवऱ्याच्या आधी आम्हाला सांगितलं होतं. घरात ती सराव करी. मीठ मागायचं तर 'दामेलो', दे-मला-ते. सासूबाईंनी एकदा विचारलं म्हणे, "एका शब्दात एवढी कामं सांगतेस, पण ती करायची कोणी?" (सासूबाईंना व्यवस्थापनाचा अनुभव नाही.)

कायम होण्यासाठी एक खरा फोन घ्यायचा होता. साहेब आणि प्रशिक्षक कानाला हेडफोन लावून शेजारी बसले. आम्ही आपापल्या खुर्च्या हळूच वळवल्या.

फोनवर दंतवैद्य होता. यंत्र मध्येच बंद पडलं होतं, आत हत्यारं, बाहेर खुर्चीत तोंड उघडं ठेवून बसलेला पेशंट. ताईने 'दीगामेलो' इतकं सफाईने म्हटलं की प्रशिक्षकाने मान डोलावली. दाबाचा काटा लाल पट्ट्यात आहे, माझा हात झाकणाच्या कडीवर आहे, उघडू का, असं तो विचारत होता. ताईसमोरच्या संगणकाच्या पडद्यावर पुढची मान्यताप्राप्त पायरी झळकली: 'आब्रालो'. उघडा-ते.

ताईने पडद्याकडे पाहिलं. साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी बोटाने पडदा दाखवला.

"अहो, नको!" ताई आपल्या भाषेत ओरडली. "हात काढा आधी!"

पलीकडून हातातली कडी सुटल्याचा खट्ट आवाज. भाषा कळली नसली तरी दंतवैद्याला आवाज कळला होता. इतकी वर्षं तो स्वतः पेशंटचं ओरडणं बिनअनुवाद समजून घेत आला होता. काटा खाली आला, झाकण सुखरूप उघडलं, आणि त्याने सेवेला पूर्ण गुण दिले.

ताईला मात्र शून्य मिळालं. ग्राहकाला नकार दिला, ग्राहकाला थांबवलं, आणि हे दोन्ही परवानगी नसलेल्या भाषेत. एका दमात तीन नियम मोडणं ही काटकसर खरी, पण तिला गुण नसतात. संध्याकाळपर्यंत तिने टेबल रिकामं करावं, असं ठरलं.

आमची संस्था लोकशाही मानते. साहेबांनी सगळ्यांना उभं करून विचारलं, "ताईंबद्दलचा निर्णय योग्य आहे ना? कुणाचं काही म्हणणं?"

ताई आमच्याकडे बघत होती. एकेकाकडे, ओळीने.

आम्ही सतरा जण. सगळे जन्मापासून अस्खलित बोलणारे. ज्या भाषेत 'नाही', 'नको', 'छे' आणि 'मुळीच नाही' हे सगळं विनाप्रशिक्षण उपलब्ध आहे, त्या भाषेत आम्ही एकमुखाने 'हो' म्हणालो. पूर्ण शब्द म्हणजे 'हो साहेब'. आम्ही तो जोडूनच उच्चारला.

संध्याकाळी ताईची खुर्ची एका नव्या मुलीला दिली. दिरांच्या घरातली खोली मात्र ताईकडेच राहिली.

एव्हाना तुम्हाला आमची कीव आली असेल, जरा रागही आला असेल. रास्त आहे. फक्त एक माहिती हवी आहे, संशोधनासाठी: तुमच्या साहेबांना तोंडावर 'नाही' कधी म्हणालात, त्याची तारीख कळवा. साल आठवत असेल तरी चालेल.