वचनापुरता साकव

निवडणुका कोरड्या दिवसांत घ्याव्यात, ही आपल्याकडची फार सुज्ञ प्रथा आहे. माघ-फाल्गुनात जीप शेवटच्या घरापर्यंत जाते, उमेदवाराच्या पांढऱ्या कपड्यांना चिखल लागत नाही, आणि ओढ्यांना पाणी नसतं. बदलापूरहून बारवीकडे जाताना डोंगराच्या कुशीत असलेल्या करवंदपाड्याला साकव हवा होता. ओढा ओलांडण्यापुरता, साधा लाकडी. दर निवडणुकीला उमेदवार चपलासुद्धा न काढता ओढ्यातून चालत येई, साकवाचं वचन देई, आणि परतताना ते सुके दगड बघून त्याला प्रामाणिकपणे प्रश्न पडे, की इथे साकव कशाला? (डोळ्यांनी दिसेल त्यावरच विश्वास ठेवावा, हे आपल्याला शाळेतच शिकवतात.)

पाड्यावरची जिवली मात्र पावसातला ओढा ओळखून होती. ती उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात रानभाज्या विकायला जाई. ओढा भरला की भाजी घरातच सडे, पण त्याचं तिला एवढं नव्हतं. आदल्या पावसात शेजारच्या सुकऱ्याची बायको पाणी उतरायची वाट बघत काठावरच बाळंत झाली, आणि मूल गेलं. यंदा जिवलीच्या सुनेचे, राहीचे, दिवस भरत आले होते. तेही श्रावणात.

अशा वेळी जिल्हा परिषदेचे विद्यमान सदस्य वारले आणि पोटनिवडणूक ऐन पावसात लागली. मतदारसंघाला एका वेळी धर्मराज आणि हरिचंद्र असे दोन तगडे उमेदवार लाभले. (सत्याच्या बाबतीत इतकी चुरस ठाणे जिल्ह्याने पूर्वी पाहिली नव्हती.)

धर्मराजभाऊंच्या कार्यकर्त्यांपुढे पेच पडला. ओढा दुथडी भरलेला. भाऊ पलीकडे गेले नाहीत तर साकवाचं वचन देणार कसं? पक्षाने तातडीने निर्णय घेतला. कॅम्पातला टोपणदास मंडपवाला आला, आणि बांबू, बल्ल्या, फळ्या लावून त्याने बघता बघता साकव उभा केला. भाऊ त्यावरून पलीकडे गेले. "तुमच्या साकवासाठी मी रक्ताचं पाणी करीन!" म्हणाले. टाळ्या पडल्या. भाऊ त्याच साकवावरून परत आले.

त्यांची जीप वळते न वळते तोच टोपणदासची माणसं दोऱ्या सोडायला लागली. जिवली धावत आली.

"अरं, सोडताव कशाला?"

"माई, गणपती तोंडावर आला. मला माल पायजे," टोपणदास म्हणाला. "भाऊंचा प्रोग्राम हो गया ना?"

"आन् हरिचंद्र सायबांचा?"

टोपणदासचा हात थांबला. "वो भी आनेवाला है?"

"येतील नाय तं काय!"

हरिचंद्र साहेबांना याची काही कल्पना नव्हती. जिवली डोक्यावर पाटी घेऊन तडक बदलापूरला त्यांच्या कचेरीत गेली. "सायेब, पाडा सगला धर्मराजभाऊंच्या बाजूला गेलाय," ती म्हणाली. "तुमी येवाचं नाय का?"

साहेब दुसऱ्याच दिवशी आले. त्यांनी सिमेंटच्या पुलाचं वचन दिलं. मग जिवली अपक्षांकडे गेली. छत्री चिन्हवाला आला, त्याने वचनातल्या पुलावर दिवे लावले. शिट्टीवाला आला, त्याने पुलावरून एसटी नेली. लोकशाही इतकी जोरात वाहत होती, की टोपणदासला साकव काढायला सवडच मिळेना. "सासूला राजकारणाचा नाद लागला," असं लोक राहीला म्हणू लागले.

कळा सुरू झाल्या तेव्हा ओढा फुगला होता. झोळी घेऊन चौघे निघाले, तर समोरून भगवंतराव नावाचे वयोवृद्ध अपक्ष खोकत खोकत साकवावर चढलेले. साकव एका माणसाच्या रुंदीचा. झोळीतून राही ओरडली. जिवलीने हात जोडले.

भगवंतराव मागे सरले. (उमेदवारी अर्ज भरल्यावर कुणी मागे सरल्याचं दुसरं उदाहरण उपलब्ध नाही.) झोळी पार झाली. बदलापूरच्या दवाखान्यात राहीला मुलगी झाली, दोघी सुखरूप. भगवंतरावांना मात्र खोकल्याची अशी उबळ आली, की ते तिथूनच घरी गेले. त्यांचं वचन द्यायचं राहूनच गेलं.

प्रचार संपला. माणसं पुन्हा दोऱ्यांना भिडली, तेव्हा टोपणदासनेच त्यांना अडवलं. "रुको," तो म्हणाला, "अजून एक कँडिडेट यायचा आहे." राही लेकीला घेऊन साकवावरून घरी पोचली, मगच बांबू गणपतीला गेले.

मतदानाला पाडा छातीइतक्या पाण्यातून, दोर धरून गेला, आणि सगळी मतं भगवंतरावांना पडली. वचन न देणाऱ्या माणसाचा करवंदपाड्याने सन्मान केला, असं जाणकारांनी लिहिलं. जिवलीला कुणी विचारलं नव्हतं. सुकऱ्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "भला मानूस हाय. आन् खोकतो बी लई. निवडून आला तं लवकरच परत विलेक्शन."

भगवंतरावांचं डिपॉझिट गेलं. धर्मराजभाऊ निवडून आले, त्यांची प्रकृती ठणठणीत आहे.

पाड्याचा हा हिशेब ऐकून शहरातल्या सुजाण मतदाराला, म्हणजे तुम्हाला, हसू येईल. बरोबरच आहे. पुढाऱ्यांच्या वचनांवर तुमचा काडीचा विश्वास नसतो. तुम्ही फक्त दर वेळी जाऊन मत तेवढं देऊन येता. जिवलीने एका खोट्या वचनावरून आपली सून पलीकडे नेली. तुम्ही तुम्हाला मिळालेल्या वचनांवरून काय नेलंत?